शेवटच्या बांधीचा पाणकर

सोमाजीभाऊंची सही मी चोरली. खोटी केली असती तर निदान तसे सरळ सांगता तरी आले असते. ती त्यांनी माझ्यासमोर, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने केली, आणि करण्याआधी हातही धुतले. सहीच्या वर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, मला येत होते. एवढ्यात सगळे आले. आता या गोष्टीला बरीच वर्षे झाली. सोमाजीभाऊ राहिले नाहीत, माझेही केस पांढरे होत आले. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही अशांना तो माणूस कसा होता ते सांगावे म्हणून लिहायला बसलो, तर पहिले वाक्य हेच आले. मग तेच राहू दिले.

पंच्याऐंशी सालाच्या आसपास मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. मूल-सावलीच्या धानपट्ट्यात जुन्या मालगुजारांनी बांधलेले तलाव गावोगाव आहेत. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. त्या तलावांची यादी करणे, पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठे खचली, पाणी सोडायची जागा कुठे गळते ते लिहून आणणे हे माझे काम. चंद्रपूरहून आलेलो, हातात टेप, डोक्यात पदविकेचा पहिला वर्ग. सावलीच्या रस्त्याने आत गेल्यावर एक गाव लागते. त्याचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पाळीवर उभा राहून मी पाणकराला बोलावणे पाठवले. पाणकर म्हणजे गावाच्या वतीने तलावाचे पाणी शेतांना वाटून देणारा माणूस.

पन्नाशीचा, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला एक माणूस आला. दोन्ही चपला हातात होत्या.

"तलावात पाणी किती आहे?" मी विचारले.

"मले नाई मालूम."

"पाणकर तुम्हीच ना?"

"हो जी."

"मग?"

"तलावात किती ते तुम्ही मोजा जी. टेप आनली आहे ना तुम्ही. मी शेवटच्या बांधीत किती ते पाह्यतो."

मला राग आला, पण कुतूहलही वाटले. त्यांच्या मागून धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, चालत निघालो. बांधी म्हणजे तिकडे धानाचे लहानसे, चारी बाजूंनी मातीने अडवलेले शेत. तलावाच्या पायथ्याशी पहिली बांधी, मग दुसरी, तिसरी, अशा पायऱ्यापायऱ्यांनी त्या खाली उतरत जातात. मैलभर चाललो असू. अगदी टोकाच्या बांधीत सोमाजीभाऊंनी उजवा पाय चिखलात रोवला आणि समोर कुठेतरी बघत स्वस्थ उभे राहिले. वैद्य नाडी धरून उभा राहतो तसे. बोटांच्या फटीतून चिखल वर आला, त्यावर पाण्याची साय धरली.

"आज पुरते," ते म्हणाले. "उद्या वरच्या देवाजीची बंद करा लागते." मग माझ्या बुटांकडे पाहून, "तुम्ही बी काढा जी. बुटाले काय समजते?"

मी बूट काढले. दोन वर्षे त्या गावात गेलो की काढतच राहिलो.

ती पहिली भेट. पुढे हळूहळू गावची रीत कळली. त्या गावात पाणकर व्हायचा मान शिकलेल्याला नव्हता, मोठ्या शेतकऱ्यालाही नव्हता. ज्याची बांधी सगळ्यात शेवटी, तो पाणकर. जमीन विकली गेली आणि शेवटची बांधी दुसऱ्याची झाली, की पाणकरकीही तिकडे गेली. मी कारण विचारले तेव्हा सोमाजीभाऊंना त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही. "वरच्याच्या हाती पाणी देलं तं त्याची बांधी भरते अन् तो घरी जाते. मी कसा जाऊ? माझी भरेपर्यंत सगळ्याइची भराच लागते."

सोमाजीभाऊंचे घर बौद्धांच्या वस्तीत होते, भिंतीवर बुद्धाची एकच तसबीर होती. "आमच्या बापजाद्याइले शेवटच्या बांध्याच काऊन भेटल्या, ते तुम्हाले सांगा लागत नाई," एकदा ते हसत म्हणाले. "पन त्याच्यापायीच पाणी आमच्या हाती आलं पाहा. देणाऱ्यानं तवा एवढा इचार केला नसन."

या रीतीची दुसरी बाजूही मी पाहिली. दुसऱ्या वर्षी आश्विनात पाणी कमी पडले. धान गर्भात होते, लोंब्या फुटायच्या बेतात. सावलीच्या बाजाराचा दिवस पाहून देवाजीने भरदुपारी आपल्या बांधीचा धुरा फोडून पाणी वळवून घेतले. देवाजीची शेती अगदी तलावाखाली, पहिली. सोमाजीभाऊंनी संध्याकाळी शेवटच्या बांधीत पाय ठेवला आणि तिथूनच उलटे वर चालत गेले, प्रत्येक बांधीत पाय बुडवत, देवाजीच्या धुऱ्यापर्यंत. मला वाटले आता भांडण पेटणार. पण भांडण झाले नाही, दंडही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाळीवर जमले. पाणी सोडायच्या दगडी दाराला तिकडे तुडूम म्हणतात. दगडात भोके, भोकांत लाकडाचे बूच. त्या तुडुमाच्या दगडावर देवाजी अनवाणी उभा राहिला, तोंड शेवटच्या बांधीकडे करून. "मी फोडलो," तो म्हणाला. "शेवटची बांधी कोरडी राह्यली ते माझ्यापायी."

खाली उभे असलेले सोमाजीभाऊ म्हणाले, "आयकलो."

झाले. देवाजी खाली उतरला आणि लगेच म्हणाला, "आता चहा तरी पाज, सोम्या. घसा कोरडा पडला माझा."

"धुरा फोडताना नाई पडला तो?"

"तवा पाणी होतं ना जवळ!"

सगळे हसले, देवाजी सर्वांत मोठ्याने. घरी गेल्यावर सोमाजीभाऊंच्या बायकोने, सरुबाईंनी, देवाजीपुढे कोरा चहा आणून आपटला. "दूध नाई. गाईचा चारा बी कोरडा राह्यला, तुमच्यापायी," त्या म्हणाल्या. देवाजी तो सगळा प्यायला.

तो गेल्यावर मी विचारले, "सोमाजीभाऊ, माफ केलंत का त्याला?"

"माफ कराले मी कोन जी? मी आयकाले हाव." मग ते म्हणाले, "ज्याचं गेलं त्याच्यासमोर, ज्या जागी गेलं त्या जागी बोला लागते. घरात येऊन कानात सांगतलं तं ते चोरीवानीच झालं."

हे वाक्य तेव्हा मी माझ्या वहीत उतरवून घेतले होते. वही अजून आहे.

त्याच हिवाळ्यात मूलच्या एका भातगिरणीच्या ओसरीवर बसून वर्तमानपत्र चाळताना जाहिरात दिसली. परदेशातल्या एका विद्यापीठात सार्वजनिक धोरण या विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, आमच्यासारख्या देशांतल्या तरुण सरकारी नोकरांना शिष्यवृत्ती. अभियांत्रिकीची पदविका आणि बाहेरून केलेली बी. ए. एवढ्यावर अर्ज करता येत होता. मी हरखून गेलो. यादी करून करून मला वीट आला होता. मी पाठवलेल्या याद्यांचे वर कुणी काहीच करत नव्हते. वर कोण बसते आणि ते कसे ठरवते, हे शिकायची मला खरोखर तहान लागली होती. त्या तहानेबद्दल मी आजही स्वतःला दोष देत नाही.

सोमाजीभाऊंना सांगितले, तर ते म्हणाले, "हे कायचं शिक्षन आहे जी?"

"सरकारनं काय करावं, कसं करावं, ते ठरवायचं शिक्षण."

"मंग शिकाच जी. आतापर्यंत न शिकताच ठरवून राह्यले."

अर्जात एक निबंध लिहायचा होता. आपल्या कामातला एखादा सार्वजनिक प्रश्न, आणि तुम्ही स्वतः त्यात काय बदल घडवून आणला. शिवाय दोन शिफारसपत्रे हवी होती. एक वरिष्ठांचे. दुसरे, ज्यांच्यासाठी तुम्ही काम करता अशा लोकांपैकी एकाचे. ते इंग्रजीत असावे. लिहिणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर दुसऱ्याने लिहून द्यावे, पण मजकूर आणि सही त्याची असावी.

सोमाजीभाऊ बोलत गेले आणि मी वहीत मराठीत लिहीत गेलो. ते असे होते: "हा साहेब आला तवा याले तलावातलं काई समजत नव्हतं. पन इचारते. एक गोष्ट तीनदा इचारते. चिखलात उतरते. आमची रीत त्यानं आमच्यापासून शिकली अन् मोडली नाई. एवढं पुष्कळ आहे. याले शिकू द्या."

खोलीवर येऊन ते वाचले तेव्हा मला ते फार तोकडे वाटले. रीत मोडली नाही, हा काय पराक्रम? अर्ज विचारत होता की तुम्ही काय बदलले. मी दोन वर्षांत काहीच बदलले नव्हते. निबंधाचे चार खर्डे फाडले. पाचव्यात एका ठिकाणी 'या गावात अशी पद्धत आहे' याच्या जागी 'या गावात मी अशी पद्धत सुरू केली' असे लिहिले. लेखणी अडली नाही, हेच मला आज जास्त भीतीदायक वाटते. मग निबंधाला जुळावे म्हणून पत्रही बदलावे लागले. इंग्रजी पत्रात सोमाजीभाऊ म्हणत होते की हे अभियंता येण्याआधी आमच्या गावात पाण्यावरून सतत भांडणे होत, कुणी कुणाचे ऐकत नसे. शेवटच्या शेतकऱ्याच्या हाती पाणी देण्याची योजना यांनी आखली, आम्हाला समजावून दिली आणि त्यासाठी आम्ही यांचे ऋणी आहोत. मूलच्या टंकलेखन वर्गात ते छापून घेतले. कागद सुंदर दिसत होता.

पत्र घेऊन गेलो. सोमाजीभाऊंनी तो कागद हातात घेण्याआधी सरुबाईंकडून लोटा मागवला, कोपरापर्यंत हात धुतले, पंच्याने कोरडे केले. मी हसलो, म्हणालो, "एवढं काय, भाऊ? सहीच तर आहे."

"माझ्या बापाचा अंगठा होता जी," ते म्हणाले. "चार वर्ग शिकलो मी, पाटीवर थुंकू थुंकू. सही म्हंजे मी सोता उभा राह्यलो तिथी." कागदावर वाकून त्यांनी नजर फिरवली. ओळखीचे अक्षर एकही नव्हते. "मी बोललो तेच लिवलं ना?"

"हो," मी म्हणालो.

एका अक्षराचे उत्तर. त्यांनी पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव, सावकाश, एकेक वेलांटी जपत लिहिले. सरुबाई दारातून म्हणाल्या, "तिथी जाऊन आमाले इसरू नका, साहेब." आणि चिवडा बांधून दिला.

सरकारी नोकराचा अर्ज कचेरीमार्फतच जावा लागतो. तसा तो गेला, आणि नियमाप्रमाणे त्याची एक प्रत, निबंध आणि पत्रासकट, त्या तलावाच्या फायलीला लागली. तेव्हा मी त्याचा विचारही केला नाही. निवड झाली. विमानात बसलो. तिकडे पहिल्याच सत्रात एका प्राध्यापकांनी वर्गाला माझा निबंध वाचून दाखवला. नियम करणाऱ्याने आधी शेवटच्या माणसाच्या जागी उभे राहावे, हे या तरुणाने शोधून काढले, असे म्हणाले. वीस देशांतली मुले माझ्याकडे बघत होती. मी उठून सांगू शकलो असतो. उठलो खरा, पण 'थँक यू' म्हणून बसलो. सोमाजीभाऊंना त्या दोन वर्षांत मी एकही पत्र लिहिले नाही. काय लिहिणार होतो?

परत आलो तो चंद्रपूरला, वरच्या जागेवर. कामानिमित्त सावलीला गेलो असता बाजारात देवाजी भेटला. मला पाहून तो आधी हसला, मग हसू विझले.

"आले का जी? लय मोठे झाले म्हंते."

"गाव कसं आहे? सोमाजीभाऊ?"

"तो आता पाणकर नाई."

"का? जमीन विकली?"

"काऊन इकन? तुमचाच कागद आला ना जी आडवा."

मग बाजारातल्या कडुलिंबाखाली उभे राहून देवाजीने सगळे सांगितले. माझ्या जागी आलेल्या अभियंत्याने तुडुमाला लोखंडी दार आणि चाक बसवले. चाक फिरवायचा दांडा कुणाकडे ठेवावा म्हणून त्याने फाईल उघडली. शेवटच्या शेतकऱ्याकडे पाणी देणे हा आधीच्या अभियंत्याचा प्रयोग होता, असे त्यात लिहिलेले. अभियंता गेला, प्रयोग संपला. जवळ घर म्हणून दांडा देवाजीला दिला. गाव कचेरीत गेले, म्हणाले ही आमच्या आजोबांपासूनची रीत आहे. साहेबाने पत्र काढून सोमाजीभाऊंपुढे धरले आणि मराठीत वाचून दाखवले. मग विचारले, ही सही तुमची ना?

"मग?" मी विचारले.

"मंग काय? आमाले वाटलं तो म्हनन का हे मी बोललोच नाई. लय येळ पाह्यलं त्यानं कागदाले. मंग म्हने, 'सही माझी आहे.' अन् चपला घेतल्या हातात, आला निंगून. रस्त्यानं मी म्हनलो, 'सोम्या, त्या साहेबानं फसवलं तुले, बोलत काऊन नाई?' तं म्हने, 'मी सही केलो. कागद वाचून घेतलो नाई, ते माझं. त्याचं तो बोलन.'" देवाजीने मान खाली घातली. "दोन साल झाले, त्याच्या बांधीत धान नाई पिकलं. मी सोडतो जी पाणी. पन माझी भरली का मी घरी जातो. मले समजतच नाई तिथी किती पोचलं ते. मले बी बरं नाई वाटत."

'त्याचं तो बोलन.' दोन वर्षे तो माणूस माझी वाट पाहत होता आणि मी आधी परदेशात, मग चंद्रपूरला पंख्याखाली बसलो होतो. तरीही मी लगेच गेलो नाही. हेही लिहिलेच पाहिजे. दोन महिने मी कारणे शोधली. कचेरीला गुपचूप दुरुस्तीचे पत्र पाठवावे, असेही मनात आले. वहीतले ते वाक्य सापडले नसते, घरात येऊन कानात सांगण्याविषयीचे, तर कदाचित तसेच केले असते.

आश्विनात गेलो. सरुबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "घ्या. प्यापुरतं आहे अजून," म्हणाल्या आणि आत गेल्या. सोमाजीभाऊ खाटेवरून उठले, पूर्वीसारखेच "या जी" म्हणाले. अंगाने अर्धे झाले होते. मी तिथेच, अंगणात, सुरुवात केली, "सोमाजीभाऊ, मी तुमच्या पत्रात..."

त्यांनी हात वर केला. "इथी नाई," ते म्हणाले. "उद्या पाणी सोडाचं आहे. सगळे येते. तिथी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर गाव जमले होते. सरुबाईही आल्या होत्या, काखेत तोच लोटा. मी बूट खाली काढून ठेवले आणि तुडुमाच्या दगडावर चढलो. आधी ते इंग्रजी पत्र वाचले, मग त्याचा अर्थ ओळ न ओळ सांगितला. 'आमच्या गावात कुणी कुणाचे ऐकत नसे' हे आले तेव्हा खाली कुणीतरी हूं केले. मग वही उघडून सोमाजीभाऊ खरे काय बोलले होते ते वाचले. 'आमची रीत त्यानं आमच्यापासून शिकली अन् मोडली नाई' ही ओळ मी दोनदा वाचली. नंतर फायलीत लावायचा मराठीतला जबाब वाचला: निबंध खोटा, पत्रातला मजकूर माझा, रीत या गावाची. एक प्रत कचेरीला, एक त्या विद्यापीठाला.

सही करायला खिशातून पेन काढले, तेवढ्यात सोमाजीभाऊ दगडाजवळ आले. सरुबाईंच्या हातून लोटा घेतला.

"हात धुवा जी," ते म्हणाले.

त्यांनी पाणी घातले, मी हात धुतले. पंचा त्यांनीच पुढे केला. मग मी सही केली, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव. देवाजी पुढे आला आणि चाकाचा लोखंडी दांडा त्याने सोमाजीभाऊंच्या पायाशी ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. ते खाली उतरून आपल्या जागी जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. अजून एक व्हायचे होते.

मी शेवटच्या बांधीकडे तोंड केले. तिथून ती दिसत नव्हती, पण कुठे आहे ते माझ्या पायांना माहीत होते.

"मी फोडलो," मी म्हणालो. "शेवटची बांधी दोन साल कोरडी राह्यली ते माझ्यापायी."

"आयकलो," सोमाजीभाऊ म्हणाले, आणि वर येऊन, वाकून दांडा उचलला.